दादाची चरबी सुरक्षित आहे

माणसाच्या शरीरात भविष्याचा विचार करणारा अवयव एकच, तो म्हणजे पोट. बाकीचे आजचं आज संपवतात. पोट उद्यासाठी शिल्लक टाकतं. ही थोर गोष्ट ओळखून कोरियातल्या आमच्या देगू शहरात एक पेशी-बँक निघाली. पोटाची चरबी काढायची, तिच्यातले स्टेम सेल वेगळे करायचे आणि म्हातारपणी दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी गोठवून ठेवायचे. (शंभर टक्के खातेदार समाधानी आहेत. पेशी परत मागणाऱ्यांची मतं अजून घेतलेली नाहीत.)

माझी वहिनी ओक-हुई दूरदर्शी. ती माझ्या थोरल्या भावाला, दोक-सूला, तिथे घेऊन गेली. दादा पन्नाशीतला, अंगाने काटकुळा, दर रविवारी पल्गोंगचा डोंगर चढून येणारा. बँकेच्या सल्लागार मुनबाईंनी त्याच्या पोटाला चिमटा घेऊन पाहिला, पुन्हा घेतला आणि हळहळल्या.

"साहेब, तुमच्याकडे ठेवण्याजोगं काहीच नाही हो!"

वहिनीला ते फार लागलं. "म्हणजे आमच्या घरात खायला मिळत नाही, असंच ना?"

त्या दिवसापासून घरात उकडलेला कोबी बंद झाला. डुकराच्या पोटाकडचं मांस खरपूस भाजून, लेट्यूसच्या पानात गुंडाळून वहिनी स्वतःच्या हाताने भरवू लागली. "आ करा. गुडघ्यांसाठी आहे." डोंगरही बंद, कारण चढल्याने ठेव घटते.

दादा मला हळूच म्हणाला, "लग्नानंतर एवढं प्रेम पहिल्यांदाच मिळतंय रे. मी आणखी बारीक असायला हवा होतो."

वसंतापर्यंत पोट भरघोस आलं. बँकेने त्यातलं वाटीभर घेतलं. उरलेलं दादाच्याच ताब्यात राहिलं. वहिनीने लगेच कोबी सुरू केला, पण पोट आता स्थायिक झालं होतं.

पुढे दादा हौसेने डोंगरावर गेला. अर्ध्या वाटेत गुडघा कट्‌कन वाजला आणि तो मटकन बसला. दोन म्हाताऱ्या बायकांनी बखोटीला धरून त्याला खाली आणलं. "जपून हं बाळा," त्यातली एक म्हणाली.

आम्ही त्याला घेऊन बँकेत गेलो. दादा म्हणाला, "काढा आता माझ्या पेशी!"

मुनबाई दचकल्या. "आत्ता? अहो, आत्ताच एवढं दुखतंय, तर पुढे किती दुखेल! तेव्हा काय वापराल? शिवाय त्या उपचाराला परवानगी यायचीय. काळजी करू नका, तुमच्या पेशींचं वय तिथेच थांबलंय."

"आणि माझं?"

"ते आमच्या योजनेत बसत नाही."

"बघितलंत?" वहिनी विजयाने म्हणाली. "बरं झालं वेळेवर ठेवल्या!"

दादा हल्ली खिडकीत बसून डोंगर बघतो.

आणि तुम्ही हसू नका. सोमवारपासून फिरायला जायचं ठरवून तुम्हीही आपले गुडघे केव्हाचे भविष्यासाठी राखून ठेवलेत. तेही कुठल्याही बँकेच्या मदतीशिवाय.