गरळाक्कांची मान

तर बाळांनो, एका जंगलात एक पोथी होती. सिंह वगैरे मंडळी नंतर आली, आणि तीही त्या पोथीतूनच.

पोथी वडाखालच्या दगडावर उघडी असे. वर फांदीवर पोपटशास्त्री बसत. ते जे वाचत, ते जंगलात हजर होई. ‘ससे चार’ म्हटलं की चार ससे टुणटुण निघाले. शास्त्रीबुवांना अर्थाशी कर्तव्य नव्हतं. दिसेल ते वाचायचं. हसू नका, विद्वान असेच असतात.

त्या पोथीत एक पान भारी धोक्याचं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘मुंगूस दोन, घोणस एक.’

ही घोणस म्हणजे आपल्या गरळाक्का. स्वभावाने अगदी गरीब. पण जवळ कुणी आलं की दात आपोआप लागायचे, आणि ज्याला लागले तो जागच्या जागी झोपायचा. मरायचा नाही. नुसता झोपायचा, तोंडातलं गवत तोंडात. अक्कांना याची फार लाज वाटे.

म्हणून मुंगूसभाऊ दिवसभर त्यांची मान धरून बसत. आणि बसत ते त्याच पानावर. पान शास्त्रीबुवांच्या नजरेला पडलं, तर दर वाचनाला आणखी एक घोणस निघायची. एकट्या मुंगसाच्या वजनाने पान दबत नसे, वारा आला की फडफडे. भाऊ आणि अक्का मिळून बसले की गप्प राही.

दुसरा मुंगूस कुठे गेला म्हणता? तो मागच्या दुष्काळातल्या काटकसरीत गेला.

“भाऊ, पंजा अवघडला असेल. जरा सोडा की,” अक्का म्हणत.

“सोडतो. मग तुम्ही चावणार.”

“ते तर आहेच,” अक्का कबूल करत. मग दोघं पुन्हा गप्पा मारत बसत. अक्कांना साऱ्या जंगलात तेवढाच एक सोबती होता.

यंदा पुन्हा दुष्काळ पडला. सिंहमहाराजांनी काटकसरीसाठी तरसाला नेमलं. बिनकामाचा दिसेल त्याला कमी करायचं. कमी करायचं म्हणजे खायचं.

तरसराव वडाखाली आले.

“तुमचं काम काय?”

“यांची मान धरतो, साहेब. आणि पानावर बसतो.”

“त्याने काय होतं?”

“काही म्हणजे काही होत नाही!” भाऊ अभिमानाने म्हणाले.

“माझ्याही अहवालात तेच आहे,” तरसराव म्हणाले.

अक्का मध्येच म्हणाल्या, “साहेब, मला खा हो! यांना नेऊ नका. मला कुणीतरी धरायला हवंय!”

“तुम्ही पचायला जड,” असं म्हणून तरसरावांनी मुंगूसभाऊंना रीतसर कमी केलं.

अक्का ओक्साबोक्शी रडल्या. रडता रडताच त्या तरसरावांना चावल्या. मग हरणांना, माकडांना, आणि “माफ करा हं” म्हणत सिंहमहाराजांना. दुपारपर्यंत सगळं जंगल घोरायला लागलं.

नेमके त्याच दिवशी शिकारी आले आणि वाटावाटांवर विषाचे लाडू टाकून गेले. दुष्काळातली उपाशी जनावरं ती. जागी असती तर एकही उरलं नसतं. पण खायला जागं होतं कोण? आठ दिवसांत लाडू उन्हाने वाळून माती झाले.

पान तर पहिल्याच दिवशी उघडं पडलं होतं. शास्त्रीबुवा उंच फांदीवर म्हणून जागे राहिले, आणि पोथी सोडून ते कुठे जात नसत; पण भुकेने त्यांचा आवाज बसलेला. आठव्या दिवशी तो कसाबसा फुटला. “मुंगूस दोन, घोणस एक!”

दोन कोरे करकरीत मुंगूस निघाले. एकाने नव्या घोणशीची मान धरली. दुसऱ्याकडे अक्का सरसरत गेल्या.

“भाऊ! ओळखलंत ना?”

“नाही बाई. मान इकडे करा.”

अक्कांनी मान पुढे केली. पकड अगदी तीच होती. पण भाऊ नव्हते, आणि त्यांना फार रडू आलं.

चौघं पानावर दाटीवाटीने बसले. जंगलाची गुंगी उतरली. अक्कांकडून लाडवांची हकीकत कळल्यावर सिंहमहाराजांनी वडाखालीच सभा भरवली, आणि योग्य वेळी योग्य प्राणी कमी करण्याच्या दूरदृष्टीबद्दल तरसरावांचा सत्कार केला. अक्कांनाही शाल मिळाली.

“महाराज,” अक्का म्हणाल्या, “मुंगूसभाऊंचं निदान नाव तरी घ्या.”

“कोण मुंगूस?” महाराजांनी विचारलं.

“ते काय, तिकडे बसलेत दोघं. काही करत नाहीत,” कुणीतरी म्हणालं.

तरसरावांनी मान वळवून पाहिलं. “दोघं कशाला?” ते म्हणाले. “एकात भागेल.”

तात्पर्य: बाळांनो, ज्याच्यामुळे काही होत नाही, त्याला कुणी विचारत नाही. तेव्हा मोठेपणी तरस व्हा. तरीही कुणाला मुंगूसच व्हायचं असेल, तर पोथीत आपण दोनदा लिहिलेले आहोत ना, एवढं आधी पाहून घ्या.