पिस्तुलाच्या कानातलं कुंकू

तिसऱ्यांदा चाप ओढला आणि तिसऱ्यांदा नुसतं ‘खट्’ झालं. गारगोटीच्या ठिणग्या पडल्या, वरची चिमूटभर दारू भप्पकन पेटली, धूर मोरेश्वरांच्या मिशीत शिरला. नळी मात्र मुकीच.

“तसंच समोर धरा, सर. एक मिनिट,” नेमबाजीच्या मैदानाची देखरेख करणारा म्हातारा वॉल्ट म्हणाला. “कधी कधी उशिरा उडतं.”

मोरेश्वरांनी धरलं. बहात्तर वर्षांच्या मनगटाखाली दुसरा हात लावला. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, घरच्या गॅरेजात दोन हिवाळे खपून त्यांनी हे ठासणीचं पिस्तूल किटमधून जोडलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. पद्मिनी त्याला सवत म्हणायची. “नुसतं पुसत काय बसता हो तिला? एकदा उडवून दाखवा, मग मानीन.” मानायला ती थांबली नाही. फेब्रुवारीत, अंगणातला बर्फ वितळायच्या आत गेली. आज तिचा वाढदिवस होता, आणि तिला कबूल केलेला एक बार तेवढा उरला होता.

आभाळ शिशासारखं खाली आलेलं. भरलेलं पिस्तूल जागेवरून हलवायचं नाही आणि ते रिकामं होईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, असा इथला नियम. त्यामुळे बाकीचे सातजण आपापल्या कागदी लक्ष्यांकडे बघत ताटकळले होते. एकाचं बर्गर गाडीत गार होत होतं आणि तो ते दर मिनिटाला सांगत होता.

वॉल्टनं बाजूनं टॉर्च मारला. “कान बुजलाय. लाल दिसतंय. गंज असणार.”

नळीच्या बुडाशी टाचणीएवढं भोक असतं, तो पिस्तुलाचा कान. बाहेरची आग त्यातूनच आतल्या दारूपर्यंत पोचते.

“गंज नाही,” मोरेश्वर म्हणाले.

गेल्या खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या दिवशी, ते औषधं घेऊन घरी आले, तर गॅरेजमध्ये पिस्तूल पाटावर, कानावर कुंकू, समोर निरांजन, वर झेंडूचं फूल. महिनाभर कूस बदलता न आलेली पद्मिनी उठली होती, जिना उतरून आली होती, त्यांच्यासाठी! त्या कुंकवाला त्यांनी वर्षभर फडकं लावलं नव्हतं. सगळं पिस्तूल चकचकीत, तेवढीच जागा लाल.

“तार घालून साफ करा, सर.”

“नाही करणार.”

“मग मला मैदान बंद करावं लागेल.”

“माझं बर्गर!” मागून आवाज आला.

लेक इला पुढे आली. “बाबा, प्लीज. सगळे वेट करतायत.”

“करू देत. तुझ्या आईचा हात लागलाय त्याला.”

इला हातातल्या बांगडीशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा, ते मी लावलं होतं.”

“काय?”

“आई कुठली उठतेय! मला म्हणाली, जा, त्यांच्या सवतीची पूजा कर. मी खालून फोन केला, कुंकू कुठे लावू? म्हणाली, जिथून आग निघते तिथे. मला ते होल दिसलं. कोरडं कुंकू टिकेना, म्हणून तेलात कालवलं आणि... आय काइंड ऑफ पॅक्ड इट इन.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना वाटू दे, मी उठले म्हणून.”

मोरेश्वरांनी वर्षभर उराशी धरलेली जिन्यावरची पावलं एकेक पायरी मागे गेली आणि वर दार लोटून घेतलं.

“तेल कुठलं?” त्यांनी विचारलं.

“खोबरेल.”

“ओहायोत थिजणारच.”

इलाच्या हातातली बांगडी पद्मिनीची. तिला अडकवलेली सेफ्टीपिनही तिचीच. मोरेश्वरांनी नळी समोरच रोखून धरली, वॉल्टनं मान डोलावली, इलानं पिन कानात फिरवली. लाल लगदा बाहेर आला. मोरेश्वरांनी वर पुन्हा चिमूटभर दारू घातली, चाप ओढला, आणि असा बार उडाला की झाडांवरचे कावळे रस्त्यापलीकडे गेले.

धूर विरला. कागद कोराच होता. तरी सातजणांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. बर्गरवाला तर गाडीकडे धावतच सुटला.

“यंदाच्या खंडेनवमीला मुठीच्या लाकडाला लाव कुंकू,” पिस्तूल पुसता पुसता मोरेश्वर म्हणाले.

“मी लावू?”

“मग कोण? लवकर आटप मात्र. मी तेवढ्यात औषधं घेऊन येईन.”

“तुम्हाला कुठलं औषध आहे, बाबा?”

“नाहीये,” मोरेश्वर म्हणाले. “तरी जाऊन येईन.”