घरटी एक लाकूड

आमचे बाळूनाना कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी लाकडं बघतात. पडवीत रचलेल्या सरपणावर बोटाने टकटक करायची, कान लावायचा आणि घरधन्याला शांतपणे सांगायचं, "ओली हायत रे. आज मेलास त निसता धूर." माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, त्यांच्यादेखत वडिलांना त्यांनी हेच सांगितलं. पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात मयत झालं की प्रत्येक घराने एक लाकूड मसणात न्यायचं, ही जुनी रीत. नानांना बायको उरली नाही, मूलबाळ झालंच नाही. पण मयत कुणाचंही असो, अगदी बांधावरून भांडण असलेल्याचंही, नाना खांद्यावर लाकूड घेऊन सगळ्यांच्या पुढे.

आता घरोघर सिलिंडर आले. पोरं कामाला कल्याण-भिवंडीकडे. लाकूड तोडणार कोण? यंदा ग्रामसभेत विषय निघाला, की पंचायतीच्या निधीतून वखारीचं लाकूड आणून स्मशानशेडजवळ ठेवावं, घरटी लाकूड बंद. सोय चांगलीच होती. मीही हात वर केला. विरोधाला एकटे नाना उभे राहिले.

"लाकूड पंचायत देल. पन लाकूड द्याचं म्हनून मानूस येतो ना. माझ्या मयताला कोन येल?"

सभा हसली. सरपंच म्हणाले, पंचायत येईल. ठराव झाला. मला त्या हसण्याची फार लाज वाटली.

त्यानंतर नाना कुणाकडे जाईनासे झाले. पडव्या रिकाम्या, बघणार काय? भेटले तरी खाली मान घालून पुढे जायचे. मला त्यांना तसं बघवेना. शेवटी मी रानात मोडून पडलेल्या ऐनाचा एक ओंडका आणून पडवीत ठेवला आणि त्यांना हाताला धरून घरी आणलं.

"नाना, ह्ये तुमचं. मी सोता खांद्यावर घेऊन येनार."

नानांनी टकटक केलं, कान लावला. मग टॉवेलने डोळे पुसत म्हणाले, "ओलं हाय. वाळू दे. येतो मी बघाला."

आता रोज संध्याकाळी येतात. ओंडका कधीच खडखडीत वाळला. नाना टकटक करतात, ओलं हाय म्हणतात, आणि मी आत चहा टाकायला सांगतो.