दूध टाकलं

“या घरात निरोप द्यायचा तर अख्खं वाक्य बोल, अर्धं ऐकून धावत सुटणारी माणसं आहेत ही,” असं थोरल्या जावेनं बजावलं होतं. धाकटीनं ते हसण्यावारी नेलं. ती भाषेची पदवीधर. तिचं बोलणं कुणाला कळणार नाही, हे तिच्या गावीही नव्हतं!

आज दुपारी तिनं नवऱ्याला ऑफिसात फोन केला. “बाळ दूध टाकतंय,” म्हणाली. म्हणजे पाजलं की घोटभर परत बाहेर येतंय. डॉक्टरीणबाई निर्धास्त होत्या: वजन वाढतंय, थोडं थोडं पाजा, मग खांद्याशी उभं धरा, झोपवताना उताणंच, उशीबिशी नको. तिला फक्त येताना लाळेरी आणायला सांगायची होती. पण ‘दूध टाकतंय’ एवढं ऐकूनच नवऱ्यानं फोन ठेवला.

त्यानं वडिलांना कळवलं, बाळानं दूध टाकलं. सासऱ्यांच्या लेखी टाकणं म्हणजे सोडणं. त्यांनी तंबाखू टाकली होती तसं. त्यांनी बहिणीला सांगितलं, बाळानं अन्नपाणी टाकलंय. संध्याकाळी सगळं खानदान दिवाणखान्यात हजर, तोंडं अशी की आता मृत्युपत्र वाचायचंय.

बाळाला पोटभर पाजून, ढेकर काढून, सासऱ्यांच्या हाती देऊन ती आंघोळीला गेली. डोक्यावरून पाणी घेऊन येते तो काय, आत्येसासूबाई बाटलीनं पाजताहेत, नवरा वाटी-चमचा घेऊन रांगेत उभा, आणि बाळ पखालीसारखं टम्म! वर आत्येसासूबाईंचा आदेश: आता उशी द्या आणि पालथं घाला, आमची सगळी तशीच वाढली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, ते दूध पितं. टाकतं म्हणजे ओकतं.”

“आम्ही पाजलं म्हणून प्यायलं,” आत्येसासूबाई म्हणाल्या. “तू कुठं होतीस?”

उत्तर बाळानंच दिलं. आत्येसासूबाईंच्या मांडीवरून निघालेली धार थेट सासऱ्यांच्या चष्म्यावर. पाठोपाठ दुसरी, नवऱ्याच्या वाटीत.

तिनं बाळ उचलून खांद्याशी धरलं. “माझं लेकरू आहे, माठ नाही. दिसला रिकामा की भरायला. निघा सगळे.”

निघाले. नवऱ्यानं आपण ‘सगळे’त येतो का, असं विचारलं. येत होता.

बाळ आता उताणं, शांत झोपलंय. तेव्हा त्या बाजूनं जाणार असाल तर एवढं बघा, नवरा अजून जिन्यातच बसलाय का. ओली वाटी हातात असेल, ओळखू येईल. त्याला म्हणावं, लाळेरी आण, मग बघू. दाराची बेल मात्र वाजवू नका.