बारशापर्यंतचा पाहुणा

यंदाच्या पौषात निफाडला सगुणाबाईंनी खिडकीतून आलेल्या उन्हाला बारशापर्यंत मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि ते राहिलं.

दुसरा इलाजच नव्हता. लेक मंदाकिनी बाळंत झालेली, नात जेमतेम दोन किलोची, आणि जावयाचा भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या वाऱ्याच्या तोंडी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बाळ गार पडू द्यायचं नाही, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको, माणूस झोपल्या जागी जातो. विजेची शेगडी लावली की फ्यूज उडे. सगुणाबाईंनी फटींत जुनी लुगडी कोंबली, फरशीवर गोधड्या पसरल्या, तरी पोरीचे तळवे गार ते गारच.

त्या दिवशी साडेचारला ऊन गोधडीवरून उठायला लागलं, तशा बाई आडव्या आल्या.

"काय पाव्हणं, निघालात? बाळाचं तोंड पाहिलंत, आता बारसं झाल्याबिगर उठायचं नाही. आमच्यात तशी रीत नाही."

ऊन कानकोंडं झालं, पण घराण्याचं होतं. परत बसलं.

"हातभर लांब बसा. आणि तापायचं नाही, सांगून ठेवते."

ऐकलं हो त्यानं! धूर नाही, मीटर फिरत नाही. झोपायच्या वेळी त्याच्यावर चादर टाकली की अंधार होई. पोरीचे तळवे दोन दिवसांत गुलाबी झाले.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरून घरमालक बोरस्ते अण्णा करारनामा घेऊन उतरले, मफलर कानांवरून घट्ट.

"करारात पाहुणा तीन दिवस. पुढं अर्ज लागतो."

"मग लिहा की अर्ज. बसून लिहा."

अण्णांनी उभ्यानंच लिहिलं. नाव: ऊन. धंदा: फिरतीचा. कायमचा पत्ता: पूर्वेला. ओळखीला शेजारच्या कुंदे काकू आल्या.

"लहानपणापासून बघते मी याला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. चैत्र-वैशाखात जरा तापट, एवढंच."

"मुदत?"

"बारशापर्यंत," सगुणाबाई म्हणाल्या.

अण्णांनी सही केली. पण बाईंनी बोटांवर दिवस मोजले. बारसं चार दिवसांवर, आणि थंडी तर अजून पंधरा दिवस हटणार नव्हती. येवल्याहून आत्या येणार, बाळाच्या कानात नाव सांगणार, की पाहुणा उठलाच. पोर पुन्हा गार!

बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी आत्याला फोन लावला.

"शकुंतलाताई, या हं बारशाला. पैठणीची आशा मात्र धरू नका. सुती लुगडं आणलंय."

"सुती? माझ्या भावाची पहिली लेक, आणि मला सुती? तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही मी!"

ताईंनी फोन आपटला. सगुणाबाई टुणकन उठल्या.

"रुसली गं मंदे! चांगली रुसली!"

मंदाकिनीनं पदराआड हसू दाबलं. आत्याशिवाय कुणी बारसं केल्याचं ऐकिवात नव्हतं.

पोर बारा दिवसांची झाली, त्या दिवशी अण्णा मुदत संपल्याची नोटीस घेऊन आले.

"बारसं कुठं झालंय? आत्या रुसलीय," सगुणाबाई म्हणाल्या.

हे करारात नव्हतं. विचार करायला अण्णा प्रथमच गोधडीवर टेकले, उन्हाच्या शेजारी. थोड्या वेळानं त्यांनी मफलर काढला. मग पायमोजे. मग नोटीस मांडीखाली गेली ती तिथंच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तो अण्णांच्याच हाताशी होता, त्यांनी उचलला. आत्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"जाऊ द्या, सुती तर सुती. दुपारच्या गाडीनं निघते मी."

सगुणाबाईंनी छातीवर हात ठेवला. ऊन गोधडीवरून अर्धं उठलं.

अण्णांनी फोन कानाला लावला आणि खाकरले.

"ताई, मी घरमालक बोलतोय. सुती? छे, छे! तुमच्या मानाचा प्रश्न आहे. पैठणीशिवाय मुळीच यायचं नाही!"