शंभर टक्के बोरदरा

सर्वेक्षणाच्या कामात माझ्या तोडीचा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. आता कुणी विचारलं, तर मी द्राक्षांचा भाव काय चाललाय ते विचारतो.

झालं असं, की आमच्या कार्यालयाला वरून पत्र आलं. पेठ तालुक्यातल्या कोणत्या पाड्यांवर बस जात नाही आणि कुठे इंटरनेट पोचलेलं नाही, त्याची यादी आठ दिवसांत द्या. सगळ्यात गैरसोयीच्या पाड्याला बसची नवी फेरी आणि इंटरनेटची जोडणी मिळणार होती. बाकीचे नकाशे उघडून बसले. एकानं जीप मागितली.

मी म्हणालो, "साहेब, जीप कशाला? मी खुर्चीतून न उठता तीन दिवसांत यादी देतो."

मी एक झकास ऑनलाइन फॉर्म बनवला, सगळ्या ग्रुपवर टाकला आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'ज्या गावांत इंटरनेट नाही, त्यांनी हा फॉर्म त्वरित भरावा.' मग चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. फॉर्म भरणाऱ्या एकूण एक माणसाकडे इंटरनेट होतं. शंभर टक्के. त्यातही बोरदरा नावाच्या पाड्याचं उत्तर म्हणजे कळसच. 'आपण आहात तिथे बस मिळते का?' हो. 'आपण आहात तिथे इंटरनेट चालतं का?' हो, उत्तम.

मी तसा अहवाल दिला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "जीवन, उद्या बारा वाजता वरिष्ठांची बैठक आहे. तू बसनं बोरदऱ्याला जा आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लाव. आदर्श गाव म्हणून दाखवू."

माझी बायको सविता हिनं शर्टाला कडक इस्त्री करून दिली. सकाळी मी ऐटीत निघालो. पेठला बस बदलली. तासाभरानं कंडक्टरनं बेल मारली आणि मला एका फाट्यावर उतरवलं.

"गाव कुठंय?" मी विचारलं.

"सहा किलोमीटर वर. गाडी पुढं जात नाय."

फाट्यावर एका खांबाला काळ्या केबलचं भलंमोठं वेटोळं टांगलेलं होतं. म्हणजे बस आणि इंटरनेट, दोघंही इथवर येऊन चढ बघून दमले होते. मी चालायला लागलो. तिसऱ्या किलोमीटरला इस्त्री गेली, पाचव्याला ऐट गेली.

पाड्याच्या तोंडाशी पोचलो तर संबळ वाजत होता. आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं, वाटेवर रांगोळी, सगळा पाडा नव्या कपड्यांत उभा. मला भरून आलं. एका सरकारी नोकराचा एवढा मान!

पुंजाबाबा नावाचे म्हातारे पुढे आले. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "सायब, बस कुठं लावली?"

"कोणती बस?"

"तुम्ही घेऊन येणार होता ती."

आमच्या कार्यालयानं पेठला निरोप दिला होता, 'बसच्या कामासाठी साहेब येणार.' पेठच्या बाजारातून तो निरोप पायी वर चढला आणि चढता चढता त्याचं 'साहेब बस घेऊन येणार' झालं. चतुराबाई नावाच्या आजी हातात नारळ घेऊन चाकाखाली ठेवायला म्हणून सकाळपासून ताटकळल्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं आणि नारळ पदराखाली घेतला.

हार मात्र मला घातला. आणलाय तर घालायलाच हवा, असं पुंजाबाबा म्हणाले. हार बसच्या मापाचा होता. माझ्या गळ्यात तीन वेढे देऊनही झेंडू जमिनीवर लोळत होते.

मी अंगणवाडीच्या हर्षालीताईंना गाठलं. फॉर्म त्यांनीच भरला होता.

"ताई, तुम्ही लिहिलंत, बस मिळते, इंटरनेट उत्तम."

"खरंच लिहिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचा फॉर्म इथं उघडतच नाही. पेठच्या स्टँडवर गेले, बसमध्ये बसले आणि भरला. तुम्ही विचारलं होतं, आपण आहात तिथे बस मिळते का. मी बसमध्येच होते."

घड्याळात पावणेबारा झाले होते. "इथं कुठंच रेंज येत नाही?"

"वरच्या कातळावर येते. मी मुलांची माहिती तिथूनच पाठवते. पण वारा असला की तुटते."

मी पळत सुटलो. गळ्यात हार, मागे हर्षालीताई, त्यांच्यामागे पुंजाबाबा आणि सगळा पाडा. संबळवालाही आला, त्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं. कातळावर एका पायावर उभं राहून हात वर केला, तेव्हा कॉल लागला. पडद्यावर बैठक दिसली.

"बोला जीवन," साहेब म्हणाले. "बस येते का?"

"साहेब, बस येत नाही!"

वारा आला. पडदा थिजला.

"येत... बरं. आणि इंटरनेट?"

"इंटरनेट चालत नाही!"

पुन्हा वारा. आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं, याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"चालतं. छान. मागे वाजंत्री दिसतेय, लोक खूश आहेत. मग बोरदऱ्याचं नाव यादीतून वगळू." साहेब हसले आणि कॉल तुटला. तो परत काही लागला नाही.

हर्षालीताईंशेजारी चतुराबाईंची नात उभी होती, संजना. ती कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाली, "नर्सिंगचा फॉर्म भरायला मी इथंच उभी होते. शेवटच्या तारखेपर्यंत. चार दिवस वारा होता."

मला माझ्या खुर्चीतल्या चहाची शरम वाटली. लगेच परत फिरून यादी थांबवायची असं ठरवलं, तर पुंजाबाबा म्हणाले, "फाट्यावरची शेवटची गाडी एकला जाते. आता उद्या." फोन लागत नव्हता, बस नव्हती. माझ्या अहवालानुसार मात्र मी पूर्ण सोयींनी युक्त अशा गावात होतो. त्या दिवशी मी पुंजाबाबांकडं नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाल्लं आणि हाराच्या उशीवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीपचा आवाज आला. पुढून साहेब उतरले, मागून सविता. तिच्या हातात माझ्याच अहवालाची प्रत होती.

"इथं लिहिलंय, इंटरनेट उत्तम," ती म्हणाली. "मग काल दुपारपासून फोन का लागत नाही? बस मिळते, मग घरी का नाही आलास? मी साहेबांना म्हटलं, एक तर हा अहवाल खोटा आहे, नाहीतर माझा नवरा. चला, बघून येऊ."

"अहवाल," मी म्हणालो. "नवरा खराय."

साहेब जाम भडकले. ताबडतोब वरिष्ठांना कळवतो म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला, जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, जीपच्या टपावरही चढले. शेवटी हर्षालीताईंनी नुसता वर हात दाखवला. अर्ध्या तासानं आमचे साहेब त्याच कातळावर, एका पायावर, हात वर करून उभे होते आणि ओरडत होते, "नाही येत! नाही चालत! आधी 'नाही' ऐका, मग पुढचं ऐका!"

माणूस हुशार, हे मान्य करावं लागेल. बोरदरा यादीत पहिला आला. केबल महिन्याभरात अंगणवाडीपर्यंत पोचली आणि संजनानं नर्सिंगच्या प्रवेशाचा दुसऱ्या फेरीचा फॉर्म अंगणवाडीच्या ओट्यावर बसून भरला. तिचा नंबर लागलाय.

मग बसचा दिवस उजाडला. पहिल्या फेरीचा प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावणं आलं. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. सकाळी सात वाजता वळणावरून हॉर्न आला आणि चतुराबाईंनी चाकाखाली नारळ फोडला. पुंजाबाबांनी बसला हार घातला, तो बरोब्बर बसला. मी दोन शब्द बोललो. ते जरा लांबले असावेत. कारण वळून बघतो तर सगळा पाडा गाडीत. कॉलेजच्या मुली, म्हातारे, संबळवाला, पेठला ज्यांचं काडीचं काम नव्हतं तेसुद्धा. माझ्यासाठी राखलेल्या सीटवर चतुराबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

मी पायरीवर पाय ठेवला तर कंडक्टर म्हणाला, "जागा नाय साहेब. पुढच्या फेरीला या."

"पुढची फेरी कधी?"

"उद्या सकाळी."

खिडक्याखिडक्यांतून हात हलत होते. मीही हलवला आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागलो.