खटका

पार्सल फोडल्यावर प्रफुल्लचा चहा तसाच निवत राहिला. आतून निघालेला घडीचा चाकू तळहातावर घेऊन तो नुसता बघत बसला होता. काळी मूठ, आत मिटलेले पाते आणि पात्याला अंगठा टेकवण्यापुरती एक गुंडी. अंगठ्याने रेटायचे, मनगटाला किंचित झटका द्यायचा, की पाते बाहेर येऊन खट् करून अडकते. त्या आवाजावर तो इतका खूश झाला की त्याने त्याचे नावच ठेवले, खटका.

चाकूची हौस त्याला कधीच नव्हती. पण गेल्या उन्हाळ्यात अल्लीपूरला, सासुरवाडीत, टरबूज कापायला बसून त्याने टरबुजाआधी स्वतःचा अंगठा कापून घेतला, तोही सगळ्या पाहुण्यांसमोर. तेव्हापासून सासरे महादेवराव त्याच्या हाताला धारेची वस्तू लागू देत नसत. "जवाईबुवायले कापून देजो वो," असे ते अंगणातून ओरडून सांगत आणि आतून बिया काढलेल्या फोडी, वर चमचा खोचलेल्या, बशीतून येत. कचेरीत चार माणसांवर हुकूम चालवणारा प्रफुल्ल सासुरवाडीत चमच्याने टरबूज खाई. हे त्याला फार लागले होते. येत्या रविवारी पुन्हा अल्लीपूरला जायचे होते आणि टरबूज तो स्वतः कापणार होता, सगळ्यांसमोर, ऐटीत.

नंदिनीच्या फोनवर व्हिडिओ लावून तो वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आपल्या घरात सरावाला उभा राहिला. गडी हौशी असला तरी बेजबाबदार नव्हता. धारेवर त्याने आधी चिकटपट्टी लावली. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलेले सगळे नियम तो मोठ्याने म्हणत होता, कारण मोठ्याने म्हटले की डोक्यात बसते, असा त्याचा शाळेपासूनचा अनुभव होता.

"नंदिनी, मागे सर. मी चाकू उघडून राह्यलो."

"मी तं सैपाकघराच्या दारात हाय. अजून किती मागे सरू?"

"अजून सर. हात लांब केला तरी लागला नाई पाह्यजे."

खट्.

"पाह्यला खटका? कसा उडाला?"

दुसऱ्या वेळी चाकू हातातून निसटला आणि फरशीवर आपटला. नंदिनी उचलायला धावली, तसा प्रफुल्ल ओरडला, "पडलं तं पडू दे. कोणी हात लावायचा नाई." हाही नियमच होता. निसटलेला चाकू झेलायला जायचे नाही, खुशाल पडू द्यायचा.

"बस करा आता, मले भेव लागते," नंदिनी हसत म्हणाली.

हसणे काही भिंतीपलीकडे पोचले नाही. बाकीचे सगळे पोचले. पलीकडच्या अंगणात शेजारीण विमलाबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली कुरडई हातातच राहिली. नंदिनीची आई देवकाबाई दरवर्षी त्यांना अल्लीपूरहून तिखट पाठवत, म्हणून विमलाबाईंकडे त्यांचा नंबर होता. त्यांनी लगेच फोन लावला.

"देवकाबाई, घाबरू नका," त्यांनी सुरुवातीलाच घाबरवून टाकले. "तुमच्या पोरीचा अन् जवायाचा खटका उडाला. चाकू निघाला हाय. कोणी तरी पडलं बी, अन् तो हात लावू देऊन नाई राह्यला."

देवकाबाईंनी पोरीला फोन केला. पण पोरीचा फोन जावयाकडे होता आणि व्हिडिओच्या मधे येणारा प्रत्येक फोन तो निर्विकारपणे कापत होता. तिसऱ्यांदा कापला गेल्यावर महादेवराव कोपऱ्यातली काठी घेऊन उठले. गावातला तानबा टरबुजांनी भरलेली गाडी घेऊन वर्ध्याच्या बाजारात निघालाच होता. नवरा-बायको त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसली आणि गाडी सुटली.

इकडे प्रफुल्लचा हात असा बसला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. चिकटपट्टी निघाली. उघडणे, पाते अडकवणारी खिटी दाबून बोटे वाटेतून काढून मिटणे, पुन्हा उघडणे. आनंदाने त्याला घाम फुटला होता. नंदिनीला त्याने सुरक्षित म्हणून परसात पाठवून दिले होते. आणि नेमके तेव्हाच दार धाडकन उघडून महादेवराव आत आले.

दचकूनसुद्धा प्रफुल्ल नियम विसरला नाही.

"मागे सरा, मामाजी. हातात चाकू हाय."

महादेवरावांच्या तोंडचे पाणी पळाले. "नंदिनी कुठी हाय?"

"मागे ठेवली तिले."

देवकाबाई उंबरठ्यातच मटकन बसल्या. अंगणाच्या भिंतीवरून विमलाबाईंचे डोके वर आले. तेवढ्यात परसातून वाळलेले कपडे घेऊन नंदिनी आली आणि आई-बापाला पाहून चकित झाली.

"तुमी? आज काऊन आले? अन् बाबा, ही काठी कायले आणली?"

खटका म्हणजे कुठला खटका, हे उलगडायला बराच वेळ गेला. विमलाबाईंचे डोके हळूच भिंतीखाली गेले. महादेवराव आधी चिडले, मग त्यांना काठीची लाज वाटू लागली. शेवटी ते खुर्चीत टेकून म्हणाले, "येवढा उजेड पाडला तं दाखवा तरी. तानबा, एक टरबूज आण रे."

प्रफुल्लचा रविवार जणू आजच उगवला होता. प्रफुल्लने सगळ्यांना मागे सारले, सासऱ्यांनासुद्धा. खट्. पाते चमकले, टरबूज चरचरत दुभंगले, लालबुंद निघाले आणि बोटे सगळी शाबूत राहिली.

"वा, जवाईबुवा," महादेवराव म्हणाले. वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला 'वा' होता. "आना इकडं."

प्रफुल्लने चाकू पुसला, मिटला आणि मगच दिला. "मामाजी, बोट वाटेत नको. अन् निसटला तं..."

"आमचा जन्म विळ्या-कोयत्यात गेला. मले काय सांगता?"

महादेवरावांनी असा झटका दिला की पाते उघडले आणि चाकूही सुटला. "पडू द्या," प्रफुल्ल ओरडला. पण हातातली वस्तू पडू देणे त्या हाताला ठाऊकच नव्हते. त्यांनी तो मधल्या मधे झेलला आणि लगेच टाकला.

अंगठाच होता. तोच, गेल्या वर्षी प्रफुल्लचा कापला होता तो. फार नव्हते, पण रक्त आले. प्रफुल्लने खिशातून पट्टी काढली, ती त्याने सकाळीच ठेवली होती, आणि अंगठा धुऊन नीट बांधून दिला. महादेवराव मान खाली घालून हळूच म्हणाले, "गावात सांगू नोका, बाप्पा."

"मी नाई सांगत, मामाजी. पण तानबा दारातच उभा हाय."

नंदिनीने खाली पडलेला चाकू उचलला. "मागे सरा," ती म्हणाली आणि सगळे निमूटपणे मागे सरले. खट्. सकाळपासून तिने सगळे नियम ऐकलेच होते. तिने भराभर फोडी केल्या.

"पोरी," उंबरठ्यावरून उठत देवकाबाई म्हणाल्या, "या दोघायलेबी बिया काढून देजो."

सासरा आणि जावई शेजारी शेजारी बसून चमच्याने टरबूज खाऊ लागले. प्रफुल्लला त्याचे काहीच वाटले नाही. उलट, आज प्रथमच आपण या माणसांचे झालो, असे त्याला वाटले. महादेवरावांना उजव्या हाताने चमचा धरवेना, तेव्हा त्याने त्यांची बशी डाव्या बाजूला सरकवून दिली.